मागच्या चाकातली टक

नातीची सायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी विचारलं होतं, "हिला मधून कुणी कापलं का गं?"

नातीने कपाळाला हात लावला. ती डोंगरात चालवायची सायकल, जुनी, पुण्याच्या कुणीतरी वापरून विकलेली. परभणीच्या स्टेशनात उतरवून घेतली आणि तिथून चालवतच पिंगळीला घरी आणली. साध्या सायकलीचं मागचं चाक सांगाड्याला पक्कं असतं, चाकाला धक्का बसला की बसणाऱ्यालाही बसतो. हिचं तसं नाही. पुढचा सांगाडा वेगळा, मागचा वेगळा. दोघांना चार सांधे जोडतात आणि मध्ये टॉर्चएवढा एक शॉकअप असतो. दगड आला की मागचा भाग वर उचलला जातो, शॉकअप दबतो आणि वर बसलेल्याच्या कमरेला पत्ताही लागत नाही. मोटारसायकलला असतात तसाच, फक्त एकच आणि हवेवर चालणारा. हे सगळं तिने मला शेंगा फोडता फोडता समजावलं. मला एका बैठकीत कळलं. तिच्या बापाला अजून कळलेलं नाही, पण तो शिक्षक आहे, तेव्हा तसं म्हणता येत नाही.

नात शेतीच्या कॉलेजात पुढचं शिकते. दोन वर्षं रोज सकाळी सायकलच्या सरावाला कॅनॉलच्या रस्त्याने जायची आणि सुट्टीच्या दिवशी जिंतूरकडच्या डोंगरात. सह्याद्रीतल्या एका घाटात उताराची शर्यत होती, तिथे जायचं म्हणून. वरून सुटायचं, दगडधोंड्यांतून खाली यायचं. जो लवकर खाली येईल तो जिंकला. माझ्या काळात याला पडणं म्हणत.

शर्यतीच्या आदल्या रविवारी ती जिंतूरच्या उतारावर होती. मागून 'टक' असा आवाज आला आणि मागचं चाक थोडं आडवं सरकल्यासारखं वाटलं. हिने घाबरून ब्रेक दाबला आणि आपटली. लागलं फार नाही, कोपर सोललं. पण तेव्हापासून उतार आला की हिची बोटं आपोआप ब्रेकवर. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आज्जी, सायकल खराब हाय का मीच भ्यायले, हेच मला कळंना झालंय."

शहरातल्या सायकलवाल्याने सोमवारी सायकल दोनदा आपटून ऐकली आणि सांगितलं, शॉकअप गेला, नवा मागवावा लागेल, पंधरा दिवस. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, त्याहून पुढे गेला. म्हणाला, "सांगाडाच तडकला आसंल. तडकलेल्या सायकलीवर डोंगरातून खाली यायचं न्हाई. यंदा ऱ्हाऊ दे." गाडी होती शुक्रवारी दुपारची. म्हणजे शुक्रवारच्या आत ती टक कुठून येते हे सापडून दुरुस्त झालं तर पोर जाणार, नाहीतर घरी.

मला यातलं काय कळतं असं कुणी विचारलं नाही. विचारलं तर मी उत्तर देते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी न विचारताच गेले. सीट धरून सायकल मागून थोडी उचलली. टक! परत उचलली. टक! "सापडलं," मी म्हणाले, "सीट ढिली हाय." आणि खरंच सीट आपल्या दांड्यावर डुलत होती. नातीकडे बारीक षटकोनी काड्यांचा जुडगा असतो, एलन की म्हणतात त्याला. ती घेऊन मी स्वतः सीट आवळली. उचलून पाहिलं. आवाज अर्ध्याहून जास्त गेला होता. उरलेल्या अर्ध्याकडे मी लक्ष दिलं नाही. मला शेजारी जायचं होतं.

शेजारणीच्या ओट्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. शहरातला दुकानदार हरला, पोराने हात टेकले, आणि आपण काय, नुसती सीट आवळली. तिने चहा टाकला. चहा कपात पडायच्या आत नात कॅनॉलवरून परत आली आणि कुंपणावरून ओरडली, "आज्जे, हाय तसंच हाय!"

शेजारीण म्हणाली, "साखर कमी टाकू का आता?"

ही खोड आजची नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मी वालूरला गेले, पिंगळीला आम्ही नंतर आलो. जाताना माझ्यासोबत वडिलांनी दिलेली पायमशीन होती आणि शिवणक्लासचं सर्टिफिकेट होतं. सर्टिफिकेटला चौकट करून मीच खिळा ठोकून भिंतीवर लावलं होतं, देवांच्या फोटोंच्या रांगेत. सासरच्या कुणी काही म्हटलं नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, संध्याकाळी दिवा लावताना सगळ्यांना हात जोडायच्या आणि त्या चौकटीपाशी हात खाली घ्यायच्या, एवढंच.

वर्षाच्या आत मशीन ठकठकायला लागली. माझे कान म्हणाले, आवाज वरून, सुईपाशी आहे. मग काय, मी पेचकस घेतला आणि वरचे दिसतील तेवढे स्क्रू आवळले. जे ढिले होते ते आवळले, जे ढिले असायलाच पाहिजेत तेही आवळले. ढिलं म्हणजे वाईट आणि घट्ट म्हणजे चांगलं, अशी माझी त्या वयात प्रत्येक बाबतीत पक्की समजूत होती. माझ्या वेण्या बघितल्या असत्यात तर कळलं असतं. डोळे वर ओढले जायचे.

आवाज गेला नाही. मग तेल द्यायचं ठरवलं. मशीनचं तेल संपलेलं, आणि आमच्याकडे तेल म्हटलं की करडईचं. मी पळीभर करडईचं तेल मशीनीच्या वरच्या-खालच्या प्रत्येक भोकात सोडलं. आवाज गेला! तीन दिवस मशीन लोण्यासारखी चालली आणि तीन दिवस मी गल्लीभर सांगत फिरले. आता, करडईचं तेल वाळलं की डिंकासारखं चिकटतं हे मला माहीत नव्हतं का? तेलाच्या डब्याच्या तोंडावरचा तो पिवळा चिकटा दर महिन्याला राख लावून मीच घासत होते. पण डबा स्वयंपाकघरात होता आणि मशीन सर्टिफिकेटखाली. ही दोन ज्ञानं माझ्या डोक्यात कधी भेटलीच नाहीत.

चौथ्या दिवशी मशीन जागच्या जागी बसली. सुई खाली, आणि सुईखाली एका नवरीचं ब्लाउज.

आत्याबाईंनी आयुष्यात मशीनला हात लावला नव्हता. त्या खाली फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "वरचं खालचं आधी येगळं कर." मी चामड्याचा पट्टा काढला. आता वरचं डोकं बंद, खालचं चाक मोकळं. त्यांनी मला हाताने पायटा, म्हणजे पाय ठेवायची फळी, हलवायला लावला. ठक! वरचा भाग सुटलेला असूनही ठक! मग त्यांनी पायट्यापासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर नख आडवं ठेवलं, अर्धं दांड्यावर, अर्धं पायट्यावर. एका सांध्यावरून दुसऱ्या. दुसऱ्यापाशी थांबल्या. "हितं." आतला चामड्याचा तुकडा झिजून कागद झाला होता. मी म्हणाले, पण आवाज तर वरून येत होता. त्या म्हणाल्या, "आवाज पाव्हण्यावानी आसतोय. येतोय एकाकडं आन् बसतोय दुसऱ्याच्या ओट्यावर."

जुन्या चपलेचा तुकडा कापून त्यांनी तिथे घातला. वरचं डोकं मात्र मला दोन दिवस रॉकेलने धुवावं लागलं, आणि नवरीने ब्लाउज दुसरीकडे शिवलं.

तर मंगळवारी सकाळी मी नातीला म्हणाले, "चल, परत बघू. आता मी शहाण्यासारखी करते, आत्याबाईंवानी नख ठेवून."

ती म्हणाली, "नख बिख ठेवून बघितलं मी. मोबाइलवर एक जण तसंच सांगायलाय. सगळंच हलतंय, काय कळंना."

"करून दाखव."

तिने सायकल धरली आणि अशी हलवली की घंटी वाजली. मी म्हणाले, "अगं, तू पाखडायलीस. पाखडल्यावर सगळंच उडणार. भाकरी भाजली का बघायला कड उचलतीस ना, तेवढंच उचल. आन् सीटला धरू नको, सीट लबाड हाय. सांगाड्याला धर."

ती सांगाडा धरून उभी राहिली, मी पाटावर बसले. उजव्या हाताचं पहिलं बोट शिवणकामात सुया टोचून बधिर झालंय, म्हणून करंगळीचं नख घेतलं. पहिल्यांदा चाक. नातीने सायकल घट्ट धरली, मी चाक दोन्ही हातांनी आडवं हलवलं. काही नाही. आस पक्का. मग पायडलजवळचा मोठा सांधा. नख अर्धं पुढच्या भागावर, अर्धं मागच्या. "उचल. सोड. उचल." काही नाही. वरचे दोन सांधे. काही नाही. मागच्या चाकाजवळचा. तिथेही नाही.

"दुकानदार बरोबर म्हनायला आसंल," नात म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"थांब गं. पाव्हणा अजून सापडला न्हाई."

"कोण पाव्हणा?"

"उचल."

शॉकअपचं वरचं टोक. नाही. शॉकअपचं खालचं टोक, जिथे एका कडीतून बोल्ट जातो आणि तो शॉकअपला सांगाड्याशी धरतो. तिथे नखाखाली टिक झालं. कानाला काहीच ऐकू आलं नाही. पण मुंगीने पाय आपटावा तेवढं नखाला कळलं. कडी आधी हलत होती, बोल्ट मागून.

मी नातीची करंगळी तिथे ठेवली आणि स्वतः सांगाडा उचलायला उभी राहिले. ती मान वाकडी करून बसली. मग तिचा चेहरा असा फुलला की मला तिचे दुधाचे दात आठवले.

"हाय! आज्जी, हाय हितं!"

"आवळू का?" मी एलन की उचलली.

"न्हाई!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की तिचा बाप बाहेर आला.

बोल्ट उघडण्याआधी बापाला उत्तर द्यायचं होतं. सांगाडा तडकला असेल तर हे सगळं वाया. आम्ही ओल्या फडक्याने सगळे जोड पुसले. मुलगा चष्मा घालून खाली बसला आणि पेपर तपासावा तसा एकेक जोड पाहू लागला. एका जागी थांबला. "ही रेघ बघा."

मी वाकून त्या रेघेवरून नख फिरवलं. अडकलं नाही. तडा असता तर नख अडकलं असतं. फडकं जोरात घासलं तशी रेघ गेली. चिखलाची होती.

"आता तू तुझं नख त्या कडीवर ठेव," मी मुलाला म्हणाले.

"मी कायला?"

"तू ठेव तर. लेकीची शर्यत बंद करायची ती निदान हात लावून कर."

त्याने नख ठेवलं. नातीने हळूच उचललं. त्याने परत उचलायला सांगितलं. मग "हं," म्हणाला. मुख्याध्यापकासमोर म्हणतो तसा हं. मला तो ओळखू येतो, त्याचा अर्थ मान्य आहे पण लिहून देणार नाही.

बोल्ट काढताना नातीने मला मागचं चाक धरून ठेवायला लावलं, कारण शॉकअप सुटला की मागचा सगळा भाग लटकतो. बोल्टाचं डोकं गोल झालेलं. आधीच्या मालकाला आवाज आला असणार आणि तो आवळत सुटला असणार. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. कडीच्या आत बोटाच्या पेराएवढी एक नळी असते, तिला बुश म्हणतात. शॉकअप दबताना जी काही झीज व्हायची ती त्या बुशाने सोसायची. तो एका बाजूने झिजून लंबगोल झाला होता. कितीही आवळलं असतं तरी गेलेला बुश काही परत आला नसता. शॉकअप चांगला, सांगाडा चांगला, मधला एवढासा तुकडा गेलेला.

बुधवारी आम्ही दोघी परभणीला गेलो. नव्या बुशाला पुण्याहून यायला चार-पाच दिवस लागणार, म्हणून मी तिला धातू कातणाऱ्या लेथवाल्याकडे नेलं. पूर्वी विहिरीवरच्या मोटारीचं काही गेलं की आमचे हे त्याच्या वडिलांकडे जायचे. आता तो स्वतः म्हातारा झालाय. बुश तळहातावर घेऊन उजेडाकडे वळला.

"अम्मा, ये कौन्सी मोटर का है?"

"सायकलचा."

"सायकल का बुश?" तो हसला. "आमच्याकडं ट्रॅक्टर येतेत, उसाचे चरक येतेत. सायकल पह्यल्यांदा आली." मग नातीच्या हातातला शॉकअप पाहिला आणि हसणं थांबवून चष्मा घातला.

त्याने आधी कडी मोजली, मग बोल्ट मोजला, मग परत कडी. जुना बुश मोजला नाही. नातीने विचारलं तर म्हणाला, "झिजलेल्याला काय विचारायचं बेटा, तो खोटंच सांगनार." गनमेटलची कांडी लावली. पितळेसारखी दिसते पण पितळेपेक्षा चिवट, पंपाचे बुश त्याच्याच करतात. लेथ फिरू लागला, सोनेरी भुगा उडायला लागला आणि नात मान पुढे काढून बघत राहिली. तयार झालेला बुश त्याने बोल्टावर घालून पाहिला, काढला, केसाएवढा घासला, परत घातला. आता तो फिरत होता पण डुलत नव्हता. "ऐसा," तो म्हणाला, "फिरना होना, हिलना नै होना."

ते वाक्य मी येताना ऑटोत दोनदा म्हणून पाहिलं. तारुण्यात कुणी सांगितलं असतं तर मशीनचे निम्मे स्क्रू वाचले असते. माझा नवराही थोडा वाचला असता. त्यांनाही मी बरंच आवळलं होतं.

गुरुवारी बुश बसवला. बोल्टही नवा घातला, तो लेथवाल्यानेच डब्यातून शोधून दिला. आवळायला नातीने मित्राकडून एक वेगळाच पाना आणला होता. ठरवलेल्या जोरापर्यंत आवळलं की तो 'कट' करतो. म्हणजे आता पुरे. असा पाना आहे हे मला या वयात कळावं! माझ्या रुखवतात लाडवांच्या शेजारी तोच ठेवायला हवा होता.

पाना कट म्हणाला. मी नख ठेवलं. नातीने सांगाडा उचलला. काही नाही. तिने नख ठेवलं, मी उचललं. काही नाही. मुलगा म्हणाला, "बगू," आणि त्यानेही ठेवलं.

पण माझं समाधान झालं नव्हतं, आणि पोरीचंही. सायकल आता बरी होती. पोरीचं काय, ते नखाला कळत नाही. संध्याकाळी तिच्यासोबत मी कॅनॉलच्या बांधापर्यंत गेले. बांधावरून खाली शेताकडे उतरणारी एक खडकाळ वाट आहे, बैलगाड्यांनी खणलेली. मी खाली तुरीच्या कडेला उभी राहिले. ती वर बराच वेळ उभी होती. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

आली. दगडांवरून सायकल धडधडत आली, टायर कुरकुरले, साखळी वाजली, पण टक आली नाही. आणि तिची बोटं? ती माझ्यापासून दहा हातांवर असताना मी नीट पाहिलं. दोन्ही हातांचं एकेक बोट ब्रेकवर टेकलेलं होतं, पण दाबलेलं नव्हतं. तिने माझ्यापुढून धुरळा उडवत सायकल नेली आणि पार पुढच्या बांधाशी जाऊन थांबली.

"कसं वाटलं?" मी ओरडले.

"परत जाते!" एवढंच उत्तर आलं. ती सात वेळा वर गेली. माझे पाय दुखायला लागले, तशी मी तिथेच दगडावर बसून मोजलं.

शुक्रवारी बापाने स्वतः सायकल रेल्वेच्या डब्यात चढवायला मदत केली. पुढचं चाक काढून, गोधडीत गुंडाळून. गाडी सुटताना तिला म्हणाला, "सावकाश ये खाली." शर्यतीला निघालेल्या माणसाला हा सल्ला.

रविवारी दुपारी फोन आला. मागे लोकांचा गलका, हिची धाप अजून थांबलेली नव्हती.

"आज्जी, पडले!"

"कुठं लागलं? टक आली का?"

"टक न्हाई गं, काहीच न्हाई आलं. एका वळणावर लय जोरात घुसले. सायकलची चूक न्हाई, माझी चूक हाय! उठले आन् परत बसले. पूर्ण केली मी." आणि ती हसायला लागली. आपली चूक सांगताना एवढं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. स्वतःची चूक कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली आणि ही एका वळणावर मोकळी झाली.

मुलगा शेजारी कान लावून उभा होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "कितवी आली?"

"वरनं मोजायचं का खालनं?"

"आई."

"खालनं मोजलं तर लवकर सापडते," मी म्हणाले. तो हसू दाबत आत गेला, आणि थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला. तो शाळेतल्या कुणाशी तरी फोनवर बोलत होता. शॉकअपच्या खालच्या टोकाला बुश असतो आणि तो नख ठेवून कसा ओळखायचा, हे अगदी सविस्तर सांगत होता. आपण शोधल्यासारखं.

मी शेजारणीकडे गेले. तिला सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि आता साखर पुरती टाकायला सांगणार होते.